तोडीचा परवाना

वनखात्याच्या चाकरीत ज्याची उभी हयात गेली, त्याच्या कानाला करवतीचा आवाज हा कधीच नुसता आवाज राहत नाही. तो कानी पडताच तोडीला परवाना आहे की नाही, असल्यास तो कोणत्या कूपाचा, बुंध्यावरची साल तासून तिथे खात्याच्या हातोड्याचा शिक्का उमटवलेला आहे किंवा नाही, आणि नसल्यास पंचनाम्यासाठी जवळच्या पाड्यावरून कोणते दोन इसम बोलावून घ्यावेत, असा विचारांचा क्रम, इच्छा असो वा नसो, मनात सुरू होतो. नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याच्या सागवानी टापूत, आणि मधली काही वर्षे ठाण्याच्या किनारपट्टीवर, वनक्षेत्रपाल म्हणून काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज पर्वतराजीवरील ॲश परगण्यात, नाताळच्या वृक्षांच्या एका शेतावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आपल्या हाताने करवत द्यावी, आणि 'वरच्या उतारावर चांगली आहेत, हवे ते तोडा' असे तोंड भरून सांगावे, ही वार्ता माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी ती थट्टेवारी नेली. पहिल्या हिवाळ्यात मलाही ती थट्टाच वाटत होती.

चिरंजीव शार्लट शहरी नोकरीस. आम्हा उभयतांच्या कायम वास्तव्याचे कागद त्याने करून घेतले आणि आम्ही तिथे जाऊन राहिलो. परंतु ज्या गावात पायी चालत जाऊन गाठावे असे काहीच नसते, तिथे निवृत्त माणसाचा दिवस कसा जातो, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. सूनबाईंच्या कचेरीतील एका बाईंच्या मावशीचे हे शेत. हंगामात शनिवार-रविवारी गिऱ्हाइकांची झुंबड उडते आणि माणसे अपुरी पडतात, असे कळल्यावरून मी तिथे तासाच्या हिशेबाने मेहनताना घेऊन रुजू झालो. मालकीणबाई सत्तरीच्या घरातल्या, हाडापेराने मजबूत आणि बोलण्यात काटकसरी. माझ्या पूर्वीच्या नोकरीची हकिकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "झाडांचं आम्ही पाहू. तुम्ही माणसं सांभाळा." माझ्या साऱ्या सेवाकालात कोणत्याही वरिष्ठाने कामाची वाटणी इतक्या थोड्या शब्दांत करून दिली नव्हती.

हा मुलूख समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्याही वर. पूर्वी या उतारांवर तंबाखू आणि कोबी पिके, गाई चरत. आता जिथे नजर जाईल तिथे गडद हिरव्या शंकूंच्या सरळ रांगा टेकड्यांवर चढताना दिसतात. झाड बहुतेक सर्वत्र एकच, फ्रेझर फर. अठराव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरांत वनस्पती गोळा करीत हिंडलेल्या जॉन फ्रेझर नामक स्कॉटिश गृहस्थाचे नाव त्याला मिळालेले आहे. त्याचे सुईसारखे पान चपटे असते आणि उलटे करून पाहिले तर खालच्या बाजूस रुपेरी रंगाच्या दोन रेघा दिसतात. स्प्रूसच्या झाडाचे पान अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून फिरवले असता फिरते, कारण ते चौधारी. फरचे फिरत नाही. ही परीक्षा मला पहिल्याच दिवशी शेतावरच्या मुकादमाने शिकवली, आणि पुढे मी ती शेकडो मुलांना शिकवली. बी रुजल्यापासून पहिली तीन-चार वर्षे रोप वाफ्यात राहते. मग पाच-पाच फुटांवर शेतात लागते, म्हणजे एकरी सुमारे सतराशे, आपल्या हिशेबाने गुंठ्याला त्रेचाळीस. वर्षाला जेमतेम फूटभर वाढणारे हे पीक घरात उभे करण्याजोगे व्हायला शेतातली आणखी सात-आठ वर्षे लागतात. तात्पर्य, दहा-बारा वर्षे जपलेली वस्तू शनिवारी दुपारी पाच मिनिटांत आडवी होते.

आणि ही दहा-बारा वर्षे झाड आपल्या मनाने वाढलेले नसते, ही गोष्ट शहरातून आलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. मी एका उन्हाळ्यात मुद्दाम जाऊन छाटणी पाहिली. जुलैपासून हे काम चालते. मेक्सिकोहून हंगामी परवान्यावर आलेली माणसे, आणि त्यांचा अबोल मुकादम, पायांना संरक्षक पट्टे बांधून, हातभर लांब आणि पातळ पात्याची सुरी वरून खाली अशा वेगाने चालवत झाडाभोवती फिरतात की पाहणाराच एक पाऊल मागे सरतो. शेंड्याचा उभा कोंब फूटभर राखून वरचा छाटायचा, बाजूचे कोंब उतरत्या रेषेत कापायचे, दोन शेंडे आले असतील तर एकाला रजा द्यायची. कापल्या जागी नवे डोळे फुटतात आणि झाड दाट होते. डोंगरमाथ्यावरचे जंगली फ्रेझर फर मी पुढे पाहिले. ते विरळ, अंतराअंतराने फांद्या फुटलेले, वाऱ्याच्या बाजूने खंगलेले असते. नाताळच्या चित्रांतून जगभर पोचलेला तो रेखीव शंकू मुळात सुरीच्या हाताचा आहे. गिऱ्हाईक येऊन 'निवड' करते, तेव्हा मुकादमाने त्याच्या वतीने दरसाल एक याप्रमाणे बरीचशी निवड आधीच उरकून ठेवलेली असते.

तरीही उरलेली निवड काही सोपी नसते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत आभारप्रदर्शनाचा सण साजरा होतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोटारींची रांग लागते. माझ्याकडे एक रंगवलेली काठी दिलेली असे, तिच्यावर फुटांच्या खुणा. भाव फुटावर, त्यामुळे उंचीवरून कज्जे होत. वनखात्यात आम्ही छातीच्या उंचीवरचा घेर मोजून झाडाची किंमत ठरवीत आलो. इथे घेराला कोणी विचारीत नाही, आणि जिच्यावर सारा व्यवहार त्या उंचीच्या बाबतीत मनुष्याची नजर किती बेभरवशाची आहे, याचा दाखला घटकेघटकेला मिळतो. मोकळ्या आकाशाखाली, मागे डोंगर असताना, नऊ फुटांचे झाड पाच फुटांचे भासते. घराची तक्तपोशी आठ फुटांवर, खाली ठेवायच्या तिवईचा अर्धा फूट, वर तारा खोचायचा तो आणखी निदान अर्धा फूट, असा साधा हिशेब मी मांडून दाखवावा, गृहस्थाने मान डोलवावी, आणि पुन्हा त्याच नऊफुटी झाडापाशी जाऊन 'हे जरा लहानच वाटतं' असे म्हणावे, हे नित्याचे. उतारावरच्या झाडाची उंची वरच्या अंगाने मोजावी की खालच्या, शेंड्याचा एकुलता कोंब हिशेबात धरावा की सोडावा, यांवर तर वकिली थाटाचे युक्तिवाद ऐकले. कोंब धरू नये असा मालकीणबाईंचा शिरस्ता होता. त्यामुळे माझे बरेच तंटे जागच्या जागी मिटत.

झाड पसंत करण्याच्या पद्धतीवरून माणसाची पारख होते, असे मी म्हणणार नाही. तसली विधाने करण्याची लेखकांना हौस असते आणि ती बहुधा खोटी ठरतात. परंतु काही गोष्टी वारंवार दिसल्या. फाटकातून शिरल्यावर पहिल्या दहा-वीस झाडांत जे डोळ्यांत भरते, तेच झाड कुटुंब अखेरीस तोडते. मात्र दरम्यान तासभर संपूर्ण टेकडी पालथी घातल्याखेरीज ते तोडण्याचा धीर त्यांना होत नाही. एकमेकांपासून फारकत झालेले आईबाप मुलाला घेऊन दोन वेगवेगळ्या दिवशी येतात आणि मूल दोन्ही वेळा वेगळेच झाड मागते. एक वृद्ध बाई एकट्याच येत, हातमोजा काढून फांदी मुठीतून अलगद ओढीत, किती पाने हाती येतात ते पाहत, आणि पसंतीची मान हलवून कधी कधी तसेच परत जात. सर्वांगांनी निर्दोष झाड शोधणारे लोक थकतात. जे घरातली जागा मनात ठेवून येतात, म्हणजे एक बाजू भिंतीला लागणार आहे हे ज्यांनी आधीच पाहिलेले असते, ते एका अंगाने खोक पडलेले झाड बिनदिक्कत घेतात आणि लौकर घरी जातात. एकदा शार्लटहून एक मराठी दांपत्य दोन मुलींसह आले. माझ्या डोक्यावरची कानटोपी पाहून त्यांनी मला कोणी मेक्सिकन समजून इंग्रजीत भाव विचारला. मी मराठीत सांगितल्यावर त्या बाईंना इतके हसू आले की मोजणी थोडा वेळ तहकूब ठेवावी लागली.

"काका, पंधरा दिवस तरी टिकेल ना हो?"

"पाणी चुकवलं नाहीस तर महिनाभर टिकेल."

दिवाळीतला आकाशकंदील अजून ओसरीत टांगलेला आहे आणि मुली तो काढू देत नाहीत, सबब झाड त्याच्याच शेजारी उभे करणार, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या यजमानांना आतल्या फांद्यांवरची तपकिरी पाने पाहून झाड वाळत चालल्याची शंका आली होती. ती शंका साहजिक असली तरी निराधार असते: दर शरद ऋतूत आतली जुनी पाने झडतातच. खालच्या पटांगणात एक यंत्र असते, त्याच्या थरथरत्या तबकावर बुंधा टेकवून झाड धरले की सारी वाळकी पाने, मागल्या वर्षीचा कचरा, प्रसंगी एखादे रिकामे घरटे, क्षणार्धात खाली येते. घरटे सापडले तर लोक शुभ मानून ते परत फांदीतच ठेवतात. मी मात्र दुसऱ्याच एका वस्तूसाठी फांद्या तपासत असे. खंडोबाच्या किड्याची अंडी एका फेसकट, वाळून कडक झालेल्या तपकिरी गोळ्यात असतात, अक्रोडाएवढ्या. तो गोळा नकळत घरात गेला तर उबेने अंडी फुटून भर नाताळात शेकडो इवले किडे पडद्यांवर चढू लागतात. ती डहाळी कापून कुंपणाच्या झुडपात अडकवून ठेवायची, म्हणजे ती वसंतात आपल्या वेळेवर फुटते.

तोडीचे काम मी गिऱ्हाइकालाच करू देत असे, कारण त्यासाठीच ते दोन तासांची वाट तुडवून आलेले असते. पोलादी नळीच्या कमानीत ताणून बसवलेले पाते, अशी ती करवत. दोन माणसे लागतात. एकाने ओल्या गवतात कुशीवर निजून खालच्या फांद्यांच्या आत शिरायचे, दुसऱ्याने झाडाला मधोमध धरून उभे राहायचे. निजलेला मनुष्य पहिल्यांदा जमिनीपासून फार वर पाते लावतो. त्याला 'आणखी खाली, आणखी खाली' असे सांगावे लागते, एरवी मागे खुंट राहतो आणि उन्हाळ्यात गवत कापणाऱ्याच्या यंत्राला तो नडतो. साल पातळ, करडी, आणि तिच्यावर राळेचे बारीक फोड. पात्याचा पहिला फेरा त्यांवरून गेला की ते फुटतात आणि संत्र्याची साल सोलावी तसा तीव्र वास नाकात शिरतो. निम्मे कापून झाले की झाड आपल्या भाराने बसते व पाते चिमटीत पकडते. इथे उभ्या माणसाने झाड किंचित पलीकडे झुकवायचे असते. ओढायचे नव्हे, नुसते झुकवायचे. बहुतेक वडील मंडळी ओढतात, बुंध्याची साल सोलवटून निघते. मग आवाज बदलतो, कोरडी खरखर जाऊन पोकळ घरघर येते, मूल टाळ्या पिटते, आणि झाड पडत नाही. शेजारच्या झाडाच्या खांद्यावर रेलून उभे राहते. सागाची तोड ज्याने पाहिली आहे, त्याला या पडण्याचे नवल वाटते: जमीन हादरत नाही, कोणी ओरडून सावध करीत नाही, मागे नवे आकाश उघडत नाही.

पुढचे सोपस्कार पटांगणात. नरसाळ्यासारख्या तोंडातून झाड बुंध्याच्या बाजूने ओढून घेतले की फांद्या वर मिटतात आणि त्यावर जाळी चढते. ते टपावर बांधायचे तेही बुंधा पुढे करून, नाहीतर वाटेतला वारा फांद्या उलट्या पिंजून काढतो. निघण्यापूर्वी मी बुंध्याची इंचभर चकती नव्याने कापून देत असे व तीच मुलाच्या हाती ठेवत असे. कापलेल्या तोंडावर काही तासांत राळेचा पडदा धरतो, मग झाड पाणी पीत नाही. म्हणून घर लांब असेल तर ही चकती घरी पोचल्यावरच कापावी, असेही सांगत असे. तिवईत बसत नाही म्हणून बुंधा बाजूंनी तासू नये, कारण पाणी जाते ते सालीलगतच्या बाहेरच्या थरातूनच. बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचामागे दिवसाला सुमारे एक लिटर पाणी लागते, आणि त्यात साखर, औषध, ॲस्पिरिनच्या गोळ्या असे काहीही घालण्याची तसदी घेऊ नये, हे मी इतक्या वेळा सांगितले की शेवटी शेवटी माझ्या तोंडून ते आरतीसारखे तालात येऊ लागले. राळ हाताला लागली की साबणाने निघत नाही, तेल लागते. मी घरून खोबरेल तेलाची बाटली नेली होती, ती त्या थंडीत दगड होऊन बसे. मुकादम ती शेकोटीशेजारी ठेवी आणि दिवसाअखेरी आम्ही सारे जण तिच्यातले तेल हातांना चोळत उभे राहत असू.

कामाची सवय झाल्यावर मन मागे जाऊ लागले. दसऱ्याच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या खात्यात बंदोबस्ताचा आठवडा. आपट्याची झाडे त्या दिवसांत अक्षरशः ओरबाडली जात. फांद्यांनी भरलेले टेम्पो नाक्यावर अडवावेत, जप्ती करावी, तर माणसे म्हणत, 'साहेब, सणाचं सोनं आहे, सणाला कसला परवाना?' आणि त्यातली निम्मी पाने आपट्याची नसून कांचनाचीच असत. वटपौर्णिमेला वडाच्या डहाळ्या शहरांतून जुड्या बांधून विकायला येतात, त्यांचा वड कोठे असतो आणि तो कोणाचा, हे विकत घेणारीला ठाऊक नसते. या प्रकाराचा मला नेहमी राग येई, पण त्याचे कारण नेमके बोट ठेवून सांगता येत नसे. 'झाड तोडणे वाईट' एवढेच मी व्याख्यानांतून सांगत आलो. ॲश परगण्यातील रांगांमध्ये उभा असताना ते कारण माझ्यापुरते स्पष्ट झाले. आपल्या दसऱ्याला झेंडूही लागतो आणि आपटाही. झेंडूचे शेत असते. तो कितीही तोडला तरी पुढच्या वर्षी दुप्पट येतो, कारण कोणीतरी त्याच्या बाजारभावाकडे डोळे लावून आषाढात रोपे लावलेली असतात. केळीचे खुंट सत्यनारायणाला लागतात, तेही बागेतूनच येतात. आपट्याचे शेत मात्र मी माझ्या सबंध नोकरीत पाहिले नाही. गुन्हा करवतीचा नव्हता. झाड कापणाऱ्याचा आणि झाड लावणाऱ्याचा हिशेब एकाच वहीत नव्हता, इतकेच.

वसईला असताना ख्रिस्ती वाड्यांतून नाताळात गोठ्यांचे देखावे पाहायला आम्ही सहकुटुंब जात असू. तिथे अंगणात उभे असे ते झाड सुरूचे, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू आणि वारा अडवण्यासाठी लावलेल्या झाडाची फांदी. ती आमच्या रोपवनातून आलेली आहे काय, हा प्रश्न मी यजमानांच्या घरची करंजी हातात असताना कधी विचारला नाही.

तेव्हा नाताळचे शेत ही निर्दोष व्यवस्था आहे, असा माझा निर्वाळा कोणी समजू नये. एकाच जातीचे झाड टेकड्यांमागून टेकड्या लावले की किडी तिथे मुक्कामालाच येतात. कोळी, मावा आणि त्याहूनही वाईट अशा एका लोकरी कीटकासाठी फवारणी करावी लागते. पाखरे येतात, हरणे फिरतात, रांगांमधून पांढरा क्लोव्हर माजतो. तरी ते अरण्य नव्हे. ते पीक आहे, एवढे समजून घेतले की त्याच्याशी भांडण उरत नाही.

भांडण उरले ते त्या झाडाच्या मूळ गावी. एका ऑक्टोबरात चिरंजीवांनी आम्हाला माउंट मिचेलवर नेले. ६,६८४ फूट, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडे याहून उंच शिखर नाही. एलिशा मिचेल नावाच्या प्राध्यापकाने त्याची उंची मोजली. दुसऱ्या एका गृहस्थाने त्या मोजणीस हरकत घेतली. वाद मिटवावा म्हणून १८५७ साली मिचेल फेरमोजणीला गेला आणि कड्यावरून कोसळून मेला. त्याची कबर शिखरावर आहे. उंचीच्या कज्ज्यांत रोज सापडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने तिथे घटकाभर थांबणे क्रमप्राप्तच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूडतोडीच्या कंपन्या या माथ्यांपर्यंत पोचल्या, तेव्हा राज्याने १९१५ मध्ये हे शिखर संरक्षित उद्यान म्हणून राखून ठेवले. फ्रेझर फर निसर्गतः साधारण साडेपाच हजार फुटांच्या वरच, दक्षिण ॲपलेशियनच्या मोजक्या माथ्यांवर वाढते, सबब ही राखण योग्यच होती. तोड थांबली. पुढे १९५७ साली इथेच युरोपातून आलेला तो लोकरी कीटक आढळला, डोळ्यांना जेमतेम पांढरा ठिपका दिसेल एवढा, पंख नसलेला, वाऱ्यावर पसरणारा. तो सालीतून रस शोषतो आणि आतले लाकूड असे बिघडते की झाडाला पाणी वर चढवता येत नाही. मोठी झाडे हजारोंनी उभ्याउभ्या वाळली. मी पाहिले तेव्हा पांढरे पडलेले जुने सांगाडे आणि त्यांच्यातून दाटीने उगवलेली तरणी झाडे, असे दृश्य होते. तरण्या झाडांची साल जून झाली की कीटक त्यांच्याकडे वळतो. हद्दीचे दगड कीटकाला वाचता येत नाहीत. जगाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत ज्याचे नाव आहे, तेच झाड तीस-चाळीस कोसांवर लक्षावधींच्या संख्येने उभे असते, आणि डिसेंबरात मी त्याच्या तोडीसाठी करवती वाटत असतो. शेतांसाठी चांगले म्हणून नावाजलेले बी रोन पर्वतावरच्या जंगली झाडांचे; शंकू फांदीवरच फुटून विखुरतात, म्हणून ऑगस्टच्या अखेरीपासून ते उतरवून घ्यावे लागतात. डोंगरावरच्या झाडाने शेताला बी पुरवले. शेताने डोंगराला काय परत दिले, याचा विचार मला अजून पुरता झेपलेला नाही.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी ॲशव्हिल शहर आणि तिथली बिल्टमोर जहागीर. अमेरिकेतील शास्त्रशुद्ध वनव्यवस्थेचा आरंभ तिथल्या जंगलात झाला, गिफर्ड पिंशो याच्या हातून, १८९२ साली. त्याच्यामागून १८९५ मध्ये कार्ल शेंक हा जर्मन वनाधिकारी आला आणि १८९८ मध्ये त्याने तिथे वनशाळा काढली. या दोघांचाही मार्गदर्शक डीट्रिख ब्रँडिस, जो १८६४ पासून हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक होता आणि ज्याने १८७८ साली देहरादूनची वनशाळा उभी केली. पिंशोने युरोपात त्याचा सल्ला घेतला, शेंकची शिफारस त्यानेच केली. खात्यात उमेदवारी करताना ज्याचे नाव आम्ही पाठ केले, तो हिंदुस्थानातून निवृत्त होऊन बॉनमध्ये बसून या डोंगरांची तजवीज करीत होता, हे तिथल्या एका फलकापुढे उभे राहून चिरंजीवांना समजावताना माझी छाती उगाच थोडी फुगली. ब्रँडिसच्या पद्धतीचे सार, मोजा, नोंदवा, जितके वाढते तितकेच तोडा, हे होते. मालकीणबाईंनी त्याचे नाव ऐकलेले नव्हते, पण त्यांच्या खतावणीत कोणत्या पट्ट्यात कोणत्या साली किती लावली, किती मेली आणि किती विकली, यांचे रकाने तितकेच चोख होते.

गेल्या हंगामाच्या शेवटी त्यांनी मला खालच्या ओढ्यालगतचा पट्टा दाखवला. तिथली झाडे पिवळी पडून वाळत चालली होती. ओल धरणाऱ्या जमिनीत मुळे कुजवणारी एक बुरशी शिरते, आणि एकदा शिरली की फ्रेझर फर तिथे पुन्हा उभे राहत नाही. दर वर्षी त्याच जागी नवी रोपे लावून पाहायची मुकादमाला हौस; मालकीणबाई त्याला कंटाळल्या होत्या. मार्चमध्ये लावणीच्या आठवड्यात त्यांनी मला शार्लटहून बोलावून घेतले. मी आणि मुकादमाने त्या पट्ट्यात कुदळीने चार ठिकाणी हातभर खोल खड्डे घेतले. तीन खड्ड्यांत पाणी साचले, चौथ्यात, वरच्या अंगाला, नाही. वरच्या दोन रांगा फ्रेझरला ठेवाव्यात आणि खाली या बुरशीला पुष्कळसे दाद न देणारे तुर्कस्थानचे फर लावावे, असा माझा अभिप्राय. मुकादमाला तो पटला नाही. तुर्की झाडाला लोक पैसे मोजणार नाहीत, हे त्याचे म्हणणे. मालकीणबाईंनी दोघांचेही ऐकून घेतले, खतावणी उघडली, आणि अर्ध्या पट्ट्यात तुर्की रोपांची मागणी नोंदवली. उरलेला अर्धा मुकादमाला देऊन टाकला.